उन्हाळ्याचे अलंकार : भोकरदन ते जालना

दागिन्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती ही की, दागिना फार काळ दागिना म्हणून राहत नाही. ताम्रपट शेताच्या बांधात हजार वर्षे पडून राहतो, दगडी मूर्ती विहिरीच्या तळाशी सापडते. सोन्याचा अलंकार मात्र घराण्यातच राहूनही नाहीसा होतो. आजीच्या बोरमाळेची सुनेच्या हातातील पाटली होते, पाटली मोडून नातीच्या कानांतील कुड्या होतात, आणि सोने तेच असूनही बोरमाळ कशी होती हे सांगायला कोणी उरत नाही. पवित्र शास्त्रात यशया संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात सियोनेच्या कन्यांच्या अलंकारांची लांबलचक यादी आली आहे. तिच्यातील कित्येक नावांचा नेमका अर्थ भाषांतरकारांनाही आज लावता येत नाही. शब्द राहिले, वस्तू गेल्या.

मराठवाड्यात या मोडण्या-घडविण्याला एक ठरलेला ऋतू आहे, आणि तो उन्हाळा आहे. रब्बीचा शाळू खळ्यावरून घरात येतो, हरभऱ्याचे चार पैसे हाती लागतात, चैत्र-वैशाखात लग्ने निघतात आणि सोनाराच्या दुकानात बसायला जागा मिळत नाही. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही प्रायश्चित्तकाळात शक्यतो विवाह लावीत नाहीत. त्यामुळे पुनरुत्थानाच्या सणानंतर एकच गर्दी होते, आणि वेदीपुढे आशीर्वादासाठी ठेवलेली नवी मंगळसूत्रे धर्मगुरूला एप्रिल-मे महिन्यांतच सर्वाधिक पाहायला मिळतात. मग याच ऋतूच्या शेवटी, मृग नक्षत्राच्या तोंडावर, बी-बियाणे आणि खते घेण्याची वेळ आली की तोच दागिना गहाण पडण्यासाठी पेढीची पायरी चढतो. उन्हाळा दागिना घडवितो आणि उन्हाळाच तो मोडतो. 'जालना, सोने का पालना' ही म्हण या भागात सर्वांच्या तोंडी आहे. त्या पाळण्यातून काय बाहेर आले आणि काय परत मुशीत गेले, याचा माग काढावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

जिल्हा म्हणून जालना १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचा मोठा भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. परंतु येथील अलंकारांचा इतिहास दोन हजार वर्षे मागे जातो, आणि त्याचा आरंभ जालना शहरात नसून उत्तरेकडील भोकरदन या तालुक्याच्या गावी आहे.

भोकरदन केळणा नदीच्या काठी वसलेले आहे. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुत येथील बौद्ध स्तूपांना दान देणाऱ्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत, त्यांत 'भोगवधन' येथील दात्यांचीही नोंद आढळते. म्हणजे ख्रिस्तजन्मापूर्वीच या गावात, शेकडो मैलांवरील स्तूपाच्या बांधकामाला हातभार लावण्याइतकी ऐपत असलेली माणसे राहत होती. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते हे त्याचे प्रमुख होते, आणि पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातील नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती कोरीव वस्तू आणि नाना प्रकारचे मणी त्या मातीतून वर आले.

या मण्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. जुन्या वस्तीच्या जागी खणणाऱ्यांच्या घमेल्यात सोने क्वचितच पडते. दगड, शंख, काच आणि माती यांचे मणी मात्र चाळणीत सापडत राहतात. कारण उघड आहे. ज्या वस्तूला मोडीची किंमत नाही, ती कोणी वितळवीत नाही. सातवाहन काळातील श्रीमंत स्त्री काय ल्यायली होती हे सांगणारे सोने केव्हाच दुसऱ्या रूपात फिरू लागले असेल. परंतु सामान्य बाईच्या गळ्यातील तांबडा अकीक जसाच्या तसा मातीत राहिला.

तांबडा अकीक हा तर शब्दशः उन्हाळ्याचा दागिना आहे. आपला सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा. या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटीच्या जातीचे दगड तयार होतात, त्यांत अकीक येतो. तो निसर्गतः बहुधा पिवळट किंवा करडा असतो. त्याला तांबडा रंग देण्याची जी रीत गुजरातेतील खंबायतच्या कारागिरांनी परंपरेने चालविली, तिच्यात ऊन हेच पहिले हत्यार आहे. निवडलेले दगड उन्हाळ्यात कित्येक आठवडे उघड्यावर पसरून ठेवायचे, मधून मधून उलटवायचे, आणि पुरते वाळले म्हणजे मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आगीत भाजायचे. ओलसर दगड एकदम आगीत घातला तर तडकतो, म्हणून ही घाई करता येत नाही. दगडातील लोहाच्या गंजात पाण्याचा अंश असतो. तो निघून गेला की पिवळ्याचा तांबडा होतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळक्यावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने टिचक्या मारीत त्याला आकार द्यायचा, घासायचा, आणि कमानीच्या सामत्याने भोक पाडायचे. अवघड काम भोकाचे. मण्याचे अर्धे मोल त्या भोकात असते असे म्हटले तरी चालेल, कारण तेथेच बहुतेक मणी फुटतात.

हा माल किती दूर जात होता? पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेविले आहे. 'पेरिप्लस' या नावाने ते ओळखले जाते. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगर म्हणजे आजच्या तेरहून कापड, वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला नेतात, असे तो सांगतो. आणि भडोचहून परदेशी जाणाऱ्या मालात हस्तिदंत व अकीक ही दोन्ही नावे येतात. पैठणहून अजिंठ्याच्या डोंगराकडे आणि पुढे उत्तरेला जाणाऱ्या व्यापारी मुलखातच भोकरदन पडते. आज त्याच टापूतील रस्त्याने मोसंबीचे आणि कापसाचे ट्रक जातात, एवढाच फरक.

आता या गावाचे नाव इटलीशी कसे जोडले गेले ते पाहू. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक होऊन पॉम्पेई हे शहर राखेखाली गाडले गेले. वाचकांना काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : त्याच उपसागराच्या काठी असलेल्या पुत्युला बंदरात संत पौल कैदी म्हणून उतरला, त्याला तेव्हा जेमतेम वीस वर्षे होत आली होती, आणि ज्या द्रुसिल्लेने नवऱ्यासह, म्हणजे सुभेदार फेलिक्ससह, पौलाचे बोलणे ऐकले, तिचा मुलगा या उद्रेकात मरण पावला असे योसेफस हा यहुदी इतिहासकार नोंदवितो. १९३८ साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला पॉम्पेईतील एका घरात सुमारे २४ सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती इटलीची नव्हती, ग्रीसचीही नव्हती. ती निःसंशय हिंदुस्थानी होती.

मायुरी यांनी तिला लक्ष्मी म्हटले, आणि पहिल्याने ती मथुरेकडील असावी असे समजले गेले. परंतु भोकरदनच्या उत्खननात त्याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तींचे अवशेष मिळाले, तेरलाही त्याच जातीची मूर्ती सापडलेली होती. या आधारे म. के. ढवळीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी पॉम्पेईची ही मूर्ती मराठवाड्यात, बहुधा भोकरदन येथेच, घडली असावी असे मत मांडले. सर्वांना ते मान्य आहे असे नाही. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीत 'शि' असे एकच अक्षर कोरलेले आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. तरीही घडणीचे साम्य इतके जवळचे आहे की मला स्वतःला भोकरदनची बाजू बळकट वाटते. अक्षर वाटेत कोणी जोडणीची खूण म्हणून कोरले असणे अशक्य नाही.

या मूर्तीच्या अंगावर वस्त्र नाही म्हटले तरी चालेल, पण दागिन्यांनी ती भरलेली आहे. मनगटापासून वर बांगड्यांची चळत, पायांत वाळ्यांची तशीच रांग, गळ्यात माळा, कमरेला मेखला, आणि पाठीवर गुंफलेल्या वेणीचा अलंकार. दोन्ही बाजूंना प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या दोन लहान दासी उभ्या आहेत. डोक्यातून खाली छिद्र पाडलेले आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लाकडी सामानाचा भाग असावी. नेपल्सच्या संग्रहालयात तिला 'गुप्त दालनात' ठेविले गेले. पॉम्पेईतील शृंगारिक वस्तू सभ्य नजरेआड ठेवण्यासाठी ते दालन होते आणि २००० साली ते सर्वांसाठी खुले झाले. मला ही वर्गवारी अन्यायाची वाटते. हीच स्त्री, असेच दागिने घालून, सांचीच्या तोरणावर झाडाची फांदी धरून उभी आहे, आणि तिच्याखालून शतकानुशतके भाविक हात जोडून गेले आहेत. ती यक्षी आहे. ती झाडाला हात लावते तेव्हा झाड फुलते, अशी त्या काळच्या लोकांची समजूत होती. सालवृक्ष फुलतो तो वसंत सरता सरता, उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर. त्याची फुले तोडण्याचा खेळ हाच मुळी त्या काळचा एक उत्सव होता.

सांचीच्या दक्षिण तोरणावर दोन लेख आहेत. एकात शातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे नाव आहे. दुसऱ्यात विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे कोरीव काम केले असे लिहिले आहे. ही नोंद मिळणे हे भाग्यच म्हटले पाहिजे. भोकरदनच्या कारागिराचे नाव कोठेच नाही.

दंडापर्यंत बांगड्या भरण्याची ती रीत मात्र जालना जिल्ह्यातून अजून गेलेली नाही. मंठा-परतूरकडच्या तांड्यांवर वयस्क बंजारा स्त्रिया आजही दंडावर पांढऱ्या बलियांची चळत घालतात, आणि कानांवरून लोंबणाऱ्या चांदीच्या घुगरी-टोपलीवरून ती सुवासिनी आहे हे ओळखता येते. बलिया पूर्वी हस्तिदंताच्या असत, नंतर हाडाच्या आल्या, आता बहुतेक प्लॅस्टिकच्या आहेत. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदी ठरली, आणि ती योग्यच झाली. हत्ती जगला पाहिजे. १८०३ साली याच केळणेच्या काठी असईची लढाई झाली. त्या मोहिमेत वेलस्लीच्या सैन्याची रसद मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर अवलंबून होती. नंतर सडका आल्या, आगगाडी आली आणि बैलांचा धंदा बसला. धंदा गेला तरी बायकांनी अंगावरची ओळख उतरविली नाही.

सोन्याच्या दागिन्यांकडे वळताना आधी फुलांचे बोलले पाहिजे, कारण उन्हाळ्यात सोन्याच्या आधी फूल अंगावर येते. कालिदासाच्या 'शाकुंतला'चा आरंभच ग्रीष्माच्या गाण्याने होतो आणि त्यात स्त्रियांनी कानांवर खोवलेल्या शिरीषाच्या फुलांचा उल्लेख आहे. सातवाहनांच्या दरबाराशी जोडलेल्या 'गाथासप्तशती'त उन्हाळ्याची दुपार, तापलेली वाट आणि पाणपोई येते ती आपल्याच मुलखातली. शिरीषाचे फूल संध्याकाळपर्यंत कोमेजते. ते टिकावे या इच्छेतूनच सोनाराचे निम्मे नमुने जन्मले असावेत असे दागिन्यांची मराठी नावे वाचली की वाटते.

बकुळीहार घ्या. बकुळीचे फूल गळते ते अखंड, आणि त्याच्या मध्यभागी आपोआप भोक असते. मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गोळा करून सुईवाचून दोऱ्यात ओवतात. सोनाराने हेच केले. पातळ पत्र्यावर ठशाने बकुळीचे फूल उठवायचे, कातरायचे आणि एकामागे एक गुंफायचे. चंपाकळीत चाफ्याची मिटलेली कळी आहे. कुंकवाच्या कोयरीपासून पैठणीच्या पदरापर्यंत सर्वत्र जी वाकडी चोच दिसते ती कच्च्या कैरीची. आणि जोंधळी पोत? तिच्यात तर खळेच गळ्यात घातले आहे. जोंधळ्याच्या दाण्याएवढे सोन्याचे मणी, दोऱ्यात ओवलेले. ज्या मराठवाड्यात शाळूची भाकरी हेच जेवण, तेथे धान्याच्या दाण्याचा दागिना व्हावा यात नवल नाही. नवल याचे वाटते की माणकाच्या आणि हिऱ्याच्या बरोबरीने या दाण्याला मान मिळाला.

हे मणी हातांनी घडविण्याची रीत सांगतो, कारण ती पाहिलेली माणसे कमी होत आहेत. सोने मुशीत वितळवून त्याची कांब ओतायची, एरणीवर ठोकून कागदासारखा पातळ पत्रा करायचा, आणि त्याच्या लहान चकत्या खळगे असलेल्या पितळी ठोकळ्यावर दाबून अर्धगोल वाट्या काढायच्या. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून सवागी घालून फुंकणीच्या ज्योतीवर डाग द्यायचा. ज्योत क्षणभर अधिक राहिली तर मणीच वितळतो. बोरमाळेसारख्या मोठ्या मण्यांत लाख भरतात, म्हणजे पोकळ मणी चेपत नाही आणि थोड्या सोन्यात मोठा दागिना दिसतो. शेवटी पटवेकरी तो रेशमात ओवून देतो. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. गुंज ही तरी काय, रानातल्या वेलीची बी. जोंधळ्याएवढा दागिना आणि गुंजेएवढे वजन, हा सारा हिशेबच शेतकऱ्याला समजेल अशा मापांत मांडलेला होता. उन्हाळ्यात दुकानाची दारे लावून, पंखाही न लावता हे काम चाले, कारण वाऱ्याच्या झुळुकीने ज्योत हलते.

ज्याला सोने परवडत नाही त्यालाही उन्हाळा दागिना देतो. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मराठवाड्याच्या बाजारांत साखरेच्या गाठी आणि साखरेची कडी टांगलेली असतात. संक्रांतीचे हलव्याचे दागिने थंडीचे, हे उन्हाचे. साखरेचा पाक करून, थोड्या दुधाने त्यातील मळी काढून, लाकडी साच्यात आडवा दोरा ठेवून त्यावर ओततात. काही मिनिटांत पाक आळतो, साचा उघडतो आणि पदकांची पांढरी माळ दोऱ्यासकट निघते. पावसाळी हवेत तिला पाणी सुटेल. कोरड्या उन्हात ती खडखडीत राहते. आजोळाहून नातवंडाला ही माळ आणि कडी येतात. मूल ती दिवसभर मिरवते आणि संध्याकाळपर्यंत खाऊन टाकते. आमच्या धर्मग्रामातील घरांतही शेजारून आलेल्या गाठी मुलांच्या गळ्यात दिसतात, आणि त्याबद्दल तक्रार करावी असे मला कधी वाटले नाही.

सोन्याच्या हस्तकलेवर सर्वांत मोठा घाव विसाव्या शतकात सरकारी कायद्याने घातला. चीनशी १९६२ साली झालेल्या युद्धानंतर परकीय चलन वाचविण्यासाठी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले. मोरारजी देसाई त्या वेळी अर्थमंत्री होते. १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी झाली. असे सोने कठीण असते. त्याचा कागदासारखा पत्रा होणे अवघड, मग बकुळीचे फूल कशावर उठविणार? देशभर सोनार बेकार झाले, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. पुढे १४ कॅरटची अट उठली. परंतु १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द होईपर्यंत राहिला. त्या सत्तावीस वर्षांत एक पिढी सरली. बापाचा हात पाहून शिकण्याच्या वयात मुलगा दुसऱ्या नोकरीला लागला. आता आपल्या अनेक शहरांत घडणावळीचे काम बंगालहून आलेले तरुण कारागीर करतात; त्यांचा हात उत्तम असतो, परंतु जोंधळा त्यांच्या ताटातला नाही. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. दागिन्यावर शुद्धतेची खूण आणि क्रमांक आला, ग्राहकाची फसवणूक कमी झाली, हे चांगलेच. घडविणाऱ्याचे नाव मात्र तेथेही नाही.

आणि दुष्काळ. १९७२ साली पाऊस सलग तिसऱ्या वर्षी फसला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. तांबडी मिलो आणि सुकडी खाऊन बायका भर उन्हात खडी फोडीत होत्या. खडी फोडायला येण्यापूर्वी त्यांनी अंगावरचे मोडले होते : आधी चांदीचे, कारण ते गाठीला थोडे तरी असे, मग कानातले, मग पोत. या भागातील वृद्धांशी बोलताना त्या वर्षाची आठवण निघाली की जनावरांच्या खालोखाल दागिन्यांचीच गोष्ट निघते, आणि ती सांगताना बाईचा हात नकळत गळ्याकडे जातो. पाषाण तोच, ज्याच्या पोटातून भोगवर्धनच्या कारागिरांनी अकीक वेचला. वर्षही तेच : १९७३. एकीकडे विद्यापीठांची माणसे भोकरदनच्या पांढरीतून सातवाहन काळातील मणी हळुवारपणे कुंच्याने झाडून काढीत होती, आणि त्याच वर्षी त्याच मुलखातील स्त्रियांच्या गळ्यातले मणी पेढीच्या मुशीत जात होते. अहवालात पहिल्यांची नोंद झाली. दुसऱ्यांची कोणी केली नाही. त्या एका वर्षात मराठवाड्याच्या खेड्यांतील किती जुनी घडण वितळली याचा हिशेब आता लागणारा नाही. आज जुनी जोंधळी पोत पाहायला मिळणे कठीण झाले आहे, त्याचे एक कारण तेथे आहे.

२०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळे सांगायला नको. जालना जिल्ह्याला त्याची झळ सर्वाधिक बसली. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे तोडून सरपणाला गेली. बाग वाचविण्यासाठी टँकरचे पाणी विकत घेणाऱ्यांनी त्यासाठी काय गहाण ठेविले, हे विचारावे लागत नव्हते. मिस्साला आलेल्या बायकांच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत असे, पण तिच्यातल्या दोन वाट्या नसत. वाट्या ही शेवटची गोष्ट. त्या जातात तेव्हा घरात दुसरे काही उरलेले नसते. २०१५ साली शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे भरण्याचा निर्णय घेतला, तेव्हा काहींचे गहाण सुटले. बिनपरवाना सावकार त्या कागदात बसत नव्हता, आणि खेड्यात तोच जवळ असतो. शिवाय गहाण सुटले तरी कित्येकदा परत मिळते ते वजन, दागिना मिळत नाही. तो केव्हाच वितळलेला असतो.

यावर एखादा उपाय सुचवावा एवढा माझा अधिकार नाही. परंतु एक विनंती करता येईल. आपल्या घरी मोडायला काढलेला एखादा जुना दागिना असेल, तर तो सोनाराकडे नेण्यापूर्वी त्याचे एक स्वच्छ छायाचित्र काढावे, मागे त्याचे नाव, वजन, कोणी कोणाला केव्हा दिला हे लिहावे, आणि माहीत असेल तर घडविणाऱ्या सोनाराचे नावही. बाप्तिस्म्याच्या नोंदीएवढीच ही नोंद सोपी आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने गावात सापडलेल्या वस्तू स्वतःच्या हौसेने जमविल्या, म्हणून आज तेथे संग्रहालय आहे आणि ती हस्तिदंती मूर्ती गावातच राहिली आहे. लामतुरे पुरातत्त्वज्ञ नव्हते.

मृगाचा पहिला पाऊस पडला की जुन्या पांढरीच्या टेकाडांवरची माती वाहून जाते आणि ओहोळांत मणी उघडे पडतात. तांबडा अकीक तर चिखलातही लगेच दिसतो. त्याच आठवड्यात बियाण्याच्या दुकानापुढे रांग लागलेली असते, आणि पेढीपुढेही.